लाल पट्टीचे चार तुकडे

मी, खाली सही करणारा, वय ५६ वर्षे पूर्ण, शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी, व्यवसाय नोकरी, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या भांडाराचा प्रमुख, राहणार कारखान्याची वसाहत, इमारत सात, दुसरा मजला, डावीकडचे दार. टोपणनाव आहे काय असे विचारल्यावरून सांगतो की, कारखान्यात माझ्यामागे मला ‘फूटपट्टी’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही.

आज मंगळवार, दिनांक १४ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी मी कोणी बोलावले नसताना ठाण्यात हजर झालो आहे. हेतू एकच आहे. ज्या फिटरला आपण रविवारपासून पाइपचोरीच्या आरोपावरून कोठडीत ठेवले आहे, त्याने चोरी केलेली नाही. जे झाले ते माझ्या सांगण्यावरून झाले. ही गोष्ट उद्या सकाळी सहाच्या आत कागदावर यावी अशी माझी विनंती आहे. सहाच का, ते ओघात सांगतो.

मी ठाण्यासमोर प्रत्यक्षात ९ वाजून ५ मिनिटांनीच पोहोचलो होतो. मधल्या वेळेत समोरच्या रस्त्यावर टपालपेटी ते सायकल दुरुस्तीचे दुकान अशा फेऱ्या मारत होतो. दुकानदाराने, “काका, पंक्चर काढायचंय का?” असे विचारले. माझ्याकडे सायकल नव्हती. फेऱ्या किती झाल्या ते सांगता येणार नाही. एरवी मी मोजतो.

कामाचे स्वरूप विचारल्यावरून सांगतो. कच्च्या तेलात गंधक असते. तेल भट्टीतून तापून निघाले की त्यातले गंधक साध्या पोलादाला आतून खाऊ लागते. बाहेरून पाइप जसाच्या तसा दिसतो, आत त्याचा पापुद्रा होत जातो. म्हणून अशा गरम वाहिनीसाठी क्रोमियम मिसळलेले पोलाद वापरतात. गंधक त्याच्यापुढे फारसे चालत नाही. अडचण अशी की साधा पाइप आणि क्रोमचा पाइप शेजारी ठेवले तर रंग, वजन, आवाज, लोहचुंबक, कशानेही फरक कळत नाही. रॅकवर पडून दोघांवर सारखाच गंज चढतो. यासाठी भांडारात रंगाची पद्धत आहे. माल आला की बंदुकीच्या आकाराचे एक यंत्र पाइपला टेकवून धातू ओळखायचा आणि मग पाइपच्या एका टोकाला रंगाची पट्टी मारायची. क्रोमला लाल, साध्याला निळी. पाइप कापून द्यायचा झाल्यास आधी दुसऱ्या टोकालाही पट्टी मारायची आणि मगच कापायचा, म्हणजे नेलेला आणि उरलेला असे दोन्ही तुकडे ओळखता येतात.

घाईच्या दिवसांत हे होत नाही. पट्टीचा तुकडा कापून नेला जातो आणि रॅकवर बिनपट्टीचा उरतो. अशा तुकड्यासाठी आमच्याकडे नियम क्रमांक ११ आहे. पट्टी नसलेला तुकडा अनोळखी समजावा, तो जाळीच्या पिंजऱ्यात वेगळा ठेवावा आणि यंत्र लावल्याखेरीज त्यावर कोणताही रंग चढवू नये. हा नियम मी लिहिलेला आहे. तो चौकटीत घालून भांडाराच्या भिंतीवर टांगला आहे, तोही मीच.

या महिन्याच्या दोन तारखेस, गुरुवारी, दुपारी ४ वाजून ३५ मिनिटांनी भट्टीकडून येणाऱ्या वाहिनीतला एक पाइप फुटला. आग वीस मिनिटांत आटोक्यात आली. गळती कुठून आहे ते पाहायला पुढे गेलेल्या ऑपरेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो इस्पितळात आहे. मी त्याला पाहायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा दारापासून परत फिरलो.

फुटलेला तुकडा एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीचा होता. जाडी सात मिलिमीटर असायला हवी, ती फुटीजवळ एक मिलिमीटरसुद्धा भरली नाही. दरवर्षी पाइपांची जाडी मोजतात. परंतु मोजण्याच्या खुणा शेजारच्या लांब पाइपांवर होत्या, या तुकड्यावर एकही नव्हती. शेजारचे पाइप क्रोमचे असल्याने मोजमापात सगळे ठीक दिसत राहिले. चौकशीत हा तुकडा साध्या पोलादाचा निघाला. भांडाराच्या पावतीवर मात्र, “क्रोम, लाल पट्टी” अशी नोंद असून खाली माझी सही आहे. त्यावरून असा निष्कर्ष काढण्यात आला की, तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुरुस्तीत हा तुकडा बसवणाऱ्या कंत्राटी फिटरने भांडारातून क्रोमचा पाइप उचलला, तो भंगारात विकला आणि त्या जागी साधा बसवला. चौकशी समितीपुढे मला एकच प्रश्न विचारला गेला, “पावतीवरची सही तुमची का?” मी “होय” म्हणालो. ते उत्तर खरे होते. ते दिल्यानंतर मी पाच मिनिटे तिथेच बसून होतो आणि आणखी काही विचारतील अशी वाट पाहत होतो. कोणी काही विचारले नाही.

रविवार दिनांक १२ रोजी सकाळी फिटरला अटक झाली. त्याच दिवशी सायंकाळी सुमारे पाच वाजता त्याची पत्नी आमच्या घरी आली. मी तिला पूर्वी पाहिलेले नव्हते. माझ्या पत्नीने तिला बसायला सांगितले. ती बसली नाही. तिचे बोलणे आठवते तसे सांगतो.

“साहेब, मी भांडायला आले नाही. त्यांनी एवढंच विचारायला सांगितलंय, की दिलेल्या तुकड्यावर पट्टी कुठल्या रंगाची होती, ते भांडारवाल्या साहेबांनी सांगावं.”

मी म्हणालो, “लाल.”

“मग ते पोलिसांना सांगाल?”

मी म्हणालो की पावतीवर तसे लिहिलेलेच आहे.

त्यावर ती म्हणाली, “त्या पावतीनंच तर ते आत गेलेत, साहेब.”

ती गेल्यानंतर मी बैठकीच्या खोलीत फिरत राहिलो. पत्नी म्हणाली, “अहो, बसा ना एका जागी. पायाला काय भिंगरी लागलीय? तुमच्या येरझाऱ्या बघून मलाच गरगरायला लागलंय.” मी बसलो आणि पुन्हा उठलो, असे तिचे म्हणणे आहे. मला त्याची आठवण नाही. मला त्या वेळी तीन वर्षे दोन महिन्यांपूर्वीचा एक बुधवार आठवत होता.

त्या बुधवारी दुपारी मी भांडाराची पाहणी करत होतो. दुसऱ्या दिवशी ११ वाजता सुरक्षितता प्रमाणपत्रासाठी बाहेरचे परीक्षक येणार होते. क्रोमच्या रॅकवर चौदा पाइप होते. पैकी दहांवर लाल पट्टी होती, चार तुकड्यांवर नव्हती. धातू ओळखण्याचे यंत्र दुरुस्तीला गेलेले होते आणि यायला आठवडा होता. नियमानुसार ते चार तुकडे पिंजऱ्यात जायला हवे होते. पिंजरा रॅकपासून बारा पावलांवर आहे. परंतु पिंजऱ्यात माल दिसला की परीक्षक ‘भांडारात अनोळखी माल आढळला’ असा शेरा मारतात. माझ्या भांडाराला एकवीस वर्षांत एकही शेरा मिळालेला नव्हता.

रंगकाम करणाऱ्या मदतनिसाला मी बोलावले. वयाने ते माझ्याहून मोठे, कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. आमचे बोलणे असे झाले.

“मामा, या चारांना लाल पट्टी ओढा.”

“साहेब, हे चार इथलेच कशावरून?”

“क्रोमच्या रॅकवर आहेत, म्हणजे क्रोमचेच.”

“कुणाच्या मांडीवर बसलंय म्हणून पोर त्याचंच होतं का, साहेब?”

मी त्यांना सांगितले की विनोद करायला तुम्हाला जेवणाची सुट्टी आहे. त्यांनी ब्रश काढला. पहिली पट्टी थोडी वाकडी आली म्हणून मी ती पुसून पुन्हा मारून घेतली. चारही पट्ट्या बरोबर दोन बोटे रुंदीच्या झाल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी त्या रॅकचे छायाचित्र काढून घेतले. एवढी नीट ठेवलेली रॅक आपण पाहिली नव्हती, असे ते म्हणाले. यंत्र आठ दिवसांनी परत आले. ते चार तुकडे तेव्हा पुन्हा तपासायचे माझ्या मनात होते. पट्टी असलेला माल पुन्हा तपासण्याची पद्धत नसल्याने ते राहून गेले.

पुढे दोन महिन्यांनी मोठी दुरुस्ती निघाली. या फिटरने त्या चारपैकी तीन तुकडे माझ्या खिडकीतून सही करून नेले. त्या दिवशीचे बोलणे मी चौकशी समितीला सांगितले नाही. आज सांगतो. तो म्हणाला, “साहेब, तेवढं यंत्र लावून द्या ना एकदा.” मी म्हणालो, “पट्टी दिसत नाही का?” तो म्हणाला, “पट्टी दिसते हो. पोटातलं कुठं दिसतं?” त्याच्यामागे रांगेत सहा-सात माणसे होती, ती हसली. मी त्याला म्हणालो, “माझ्या भांडारातून गेलेला माल दुसऱ्यांदा तपासावा लागत नाही.” त्याने सही केली. अक्षर चांगले आहे त्याचे. ज्याला पाइप बदलून विकायचा आहे, तो देणाऱ्याला, “आधी तपासून द्या,” असे म्हणणार नाही, एवढे मला तेव्हा कळले नसले तरी समितीपुढे बसलो होतो तेव्हा कळत होते.

काल सोमवार दिनांक १३ रोजी सकाळी ८ वाजता मी भांडार उघडून जुनी नोंदवही काढली. चार तुकड्यांपैकी तीन त्याच वाहिनीसाठी गेले होते. चौथा अजून रॅकवर होता. पट्टी फिकट झालेली, पण दोन बोटांची. त्यानंतर मी मामांना फोन केला. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले असून मुलीकडे राहतात. मी त्यांना तो बुधवार आठवतो का असे विचारले. ते म्हणाले, “साहेब, आठवतं म्हणू की विसरलो म्हणू? तुम्हाला कुठलं सोयीचं पडेल?” मी म्हणालो, “मामा, आठवतं तेच सांगा.” ते म्हणाले, “मग वाकडी पट्टी पुसायला लावलीत तेसुद्धा आठवतं.” त्यांचा पत्ता मी सोबतच्या कागदावर दिला आहे.

दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी तपासणी विभागातील तंत्रज्ञाकडून मी चौथ्या तुकड्याला यंत्र लावून घेतले. तुकडा साध्या पोलादाचा निघाला. मी दुसऱ्या टोकाला लावायला सांगितले. तेच आले. तिसऱ्यांदा मध्यभागी लावायला सांगितले तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, “साहेब, पाइप तोच आहे, बदलणार नाही.” त्याने छापून दिलेला निकाल जोडला आहे. हा तुकडा भांडाराबाहेर कधीच गेलेला नाही. तो फिटरच्या हाती आलेला नाही. तरीही त्यावर लाल पट्टी आहे आणि आत क्रोम नाही. याचा अर्थ चोर शोधण्याची गरज नाही.

मी लगेच दोन पानी पत्र लिहून साहित्य विभागाच्या व्यवस्थापकांकडे ४ वाजता गेलो. ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत आणि मला अहोजाहो करतात. त्यांनी पहिले पान वाचले आणि दार लावून घेतले.

ते म्हणाले, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

मी म्हणालो, “दुसरे पान वाचावे. फुटलेला एक, सापडलेला एक. आणखी दोन तुकडे त्याच वाहिनीत आहेत आणि बुधवारी सकाळी सहाला भट्टी पेटणार आहे.”

“कशावरून तेही साधेच असतील?”

“कशावरून नसतील?”

“अहो, झाकली मूठ आहे, ती झाकलेलीच राहू द्या. वाहिनी एकशे चाळीस मीटर लांब आहे. वर सगळं उष्णतारोधक आवरण. ते सोलत बसलो तर दहा दिवस जातील. आणि तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. घरी जा, रजा टाका, झोप काढा.”

त्यांनी पत्राची पोच देण्यास नकार दिला. चौथा तुकडा मोडीत काढावा असे तोंडी सांगितले. मी लेखी आदेश मागितला, तो मिळाला नाही. मी तो तुकडा पिंजऱ्यात ठेवून कुलूप लावले. तीन वर्षे दोन महिन्यांपूर्वी जी बारा पावले चालायची होती ती काल चाललो. पिंजऱ्याची किल्ली या जबाबासोबत ठाण्यात जमा करत आहे. दुसरी किल्ली नाही.

जबाब देत असताना मी वारंवार उठतो, असे अंमलदारांनी दोन वेळा निदर्शनास आणून दिले. त्याबद्दल दिलगीर आहे. त्यांच्या टेबलामागील भिंतीवर घड्याळ आहे व ते चार मिनिटे मागे आहे.

जबाब इथवर आल्यावर, १२ वाजून ४० मिनिटांनी, ते दोन तुकडे वाहिनीत नेमके कुठे आहेत असे तपासी अधिकाऱ्यांनी विचारले. मी सांगितले की ते मला ठाऊक नाही. भांडाराच्या नोंदवहीत वाहिनीचा क्रमांक असतो, जागा नसते. पाइप खिडकीतून बाहेर गेला की त्याचे पुढे काय होते, हे पाहायला मी कधी गेलो नाही. अधिकाऱ्यांनी विचारले, “मग कोणाला माहीत असेल?” मी उत्तर दिले. त्यावर त्यांनी फिटरला कोठडीतून बाहेर आणवले.

तो माझ्यासमोर साधारण पाच फुटांवर उभा होता. त्याच्या पायात चपला नव्हत्या. मी त्याला सांगितले की रॅकवरचा चौथा तुकडा साधा निघाला आहे, आणि पट्टी मी मारायला लावली होती. त्याची काही माफी वगैरे मागावी असे मी सकाळपासून वाक्य जुळवत होतो. ते बोलण्याआधीच तो म्हणाला, “मग ते दुसरे दोन? साहेब, ते दोन अजून तिथंच असतील ना? भट्टी बंद आहे ना?”

मी म्हणालो, “उद्या सकाळी सहापर्यंत.”

तो अधिकाऱ्यांना म्हणाला, “कागद द्या साहेब, लवकर.” बसायला सांगितले तरी न बसता त्याने उभ्यानेच वाहिनी काढली. एक तुकडा पंपाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या वळणापासून हातभर पुढे. दुसरा जिन्याच्या खालून जातो तिथे, ऑपरेटरांची पाळी बदलताना सगळे जिथून ये-जा करतात त्या वाटेवर, डोक्याच्या उंचीला. “इथला जोड मी आडवा पडून मारला होता,” असे तो म्हणाला, “जागाच नव्हती. जोडावर माझा नंबर ठोकलेला सापडेल.” मग त्याने माझ्याकडे पाहून विचारले, “त्या दिवशी यंत्र होतं का हो भांडारात?”

मी सांगितले, “होतं. टेबलाच्या खणात.”

तो काही बोलला नाही. मी त्याचे न बोलणे या ठिकाणी नोंदवून घेण्यास सांगितले. अंमलदार म्हणाले की न बोललेले लिहायची पद्धत नाही. तरी माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

तपासी अधिकाऱ्यांनी माझ्यासमक्ष १ वाजून ५ मिनिटांनी कारखान्याच्या नियंत्रण कक्षास व नंतर कारखाने निरीक्षकांच्या कचेरीस फोन केला. निरीक्षकांनी त्या दोन जागी आवरण सोलून यंत्र लावल्याखेरीज भट्टी पेटवू नये असे तोंडी कळवले असून लेखी आदेश सायंकाळपर्यंत देतो म्हटले आहे. आवरणाखालून तो जोड दाखवू शकेल असा माणूस एकच आहे आणि तो आपल्या ताब्यात आहे. त्याला आज, उजेड आहे तोवर, कारखान्यात न्यावे. शक्य असल्यास बेड्या न घालता न्यावे, कारण जिना अरुंद आहे आणि चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरावे लागते.

या जबाबामुळे माझ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, हे समजते काय, असे विचारल्यावरून सांगतो की समजते. वकील हवा काय, तर सध्या नको. घरी कळवायचे काय, तर पत्नीला मी सकाळी निघताना सांगून आलो आहे. ती म्हणाली, “जेवून जा.” मी जेवलो नाही.

लेखी आदेश येईपर्यंत ठाण्याबाहेरच्या बाकावर थांबण्याची मी परवानगी मागितली. घरी जाण्यास सांगितले असता मी नकार दिला. तपासी अधिकारी म्हणाले, “थांबा, पण एका जागी बसा.” मी प्रयत्न करतो असे म्हणालो.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला व नंतर मी स्वतः दोनदा वाचला. पट्टीच्या परिच्छेदात त्यांनी, “चार तुकड्यांवर चुकून लाल पट्टी मारली गेली,” असे माझ्या भल्यासाठी लिहिले होते. ते वाक्य मी खोडायला लावले. त्या जागी माझे व मामांचे बोलणे जसे झाले तसे घातले असून खाडाखोडीवर सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे. कोणाच्या दबावाखाली काही सांगितलेले नाही, कोणाला वाचवण्यासाठी काही वगळलेले नाही.

(सही)
भांडारप्रमुख
ठिकाण : पोलीस ठाणे, तपासी अधिकाऱ्यांची खोली
दिनांक १४, मंगळवार, दुपारी १ वाजून ५० मिनिटे

समक्ष : ठाणे अंमलदार